मनातून उतरलेला पक्ष : नाशिकच्या जेलरोडवरच्या एका मतदाराचे प्रकरण

ताईंच्या देवघराखालच्या कपाटात बिस्किटांचा पत्र्याचा एक जुना डबा आहे. झाकणावरचे चित्र केव्हाच पुसले गेले आहे. आत घडी घातलेल्या आठ झेरॉक्स आहेत. २००४ च्या लोकसभेपासून २०१९ च्या विधानसभेपर्यंतच्या प्रत्येक लोकसभा-विधानसभा मतदानाची एक. मतदान संपले की केंद्राध्यक्ष यंत्रात किती मते नोंदली गेली याचा हिशेब ‘१७ सी’ या नमुन्यात भरतो, सही करतो आणि हजर असलेल्या उमेदवारांच्या मतदान प्रतिनिधींना त्याची प्रत देतो. मतमोजणीच्या दिवशी आकडा जुळतो की नाही हे पाहायला ती लागते, म्हणून प्रतिनिधीने ती रात्रीच पक्षाच्या कार्यालयात द्यायची असते. ताई कार्यालयात जाण्याआधी चौकातल्या दुकानात थांबून तिची झेरॉक्स काढून घेत. डब्यात २०२४ ची लोकसभा नाही, विधानसभाही नाही.

ती का नाही, हे समजून घ्यायला मी गेल्या दीड वर्षात सातआठ वेळा ताईंकडे बसलो. त्यांच्या परवानगीने हे लिहितो आहे. नाव लिहीत नाही, गल्लीही सांगत नाही. पक्षाचे नाव मुद्दामच गाळले आहे. ते सांगितले की वाचणाऱ्यांपैकी अर्धे लोक ‘बघा, आम्ही म्हणतच होतो’ म्हणतील आणि उरलेले त्या पक्षाची बाजू मांडायला बसतील. ताईंचे म्हणणे दोघांच्याही कानावर जाणार नाही. नाशिकमध्ये मी इतर पक्षांच्या जुन्या मतदारांशीही बोललो आहे. चिन्ह बदलले तरी गाऱ्हाणे फारसे बदलत नाही.

ताईंचा जन्म १९५४ चा, निफाड तालुक्यातला. लग्न होऊन नाशिकरोडला आल्या तेव्हा यजमान नोटप्रेसमध्ये कामाला होते. १९२५ आणि १९२८ मध्ये सुरू झालेल्या दोन छापखान्यांवर इथल्या कितीतरी घरांच्या चुली पेटल्या, त्यांतलेच हे एक घर. पहिले मत दिले मार्च १९७७ मध्ये. तेव्हा मतदानाचे वय २१ होते. शिक्का कुठे मारायचा ते यजमानांनी सांगितले, ताईंनी मारला. स्वतःच्या मनाने दिलेले पहिले मत १९९० च्या विधानसभेचे. तेव्हापासून २०१९ पर्यंत लोकसभा, विधानसभा, महापालिका, सगळीकडे एकच पक्ष. एकही मतदान चुकवले नाही. २००० नंतर बूथवर प्रतिनिधी म्हणून बसायला लागल्या.

का, असे विचारले तेव्हा ताईंनी जाहीरनामा सांगितला नाही, नेत्याचे नावही घेतले नाही. १९९४ चा पावसाळा सांगितला. यजमानांची कावीळ बळावली, रात्री दोन वाजता ते बरळायला लागले. पक्षाचा एक कार्यकर्ता दोन गल्ल्या सोडून राहायचा. ताई त्याला ‘भाऊ’ म्हणत, अख्खी गल्लीच म्हणे. त्याने ओळखीच्याचा टेम्पो काढला, यजमानांना सिव्हिलला नेले, खाट मिळेपर्यंत डॉक्टरांच्या मागे लागला आणि सकाळपर्यंत व्हरांड्यात वर्तमानपत्र अंथरून बसून राहिला. सकाळी ताईंनी डिझेलचे पैसे पुढे केले. तो म्हणाला, “राहू द्या वहिनी, पहिल्यांदा चहा प्या.”

पुढे रेशन कार्डात सुनेचे नाव चढवणे असो की नळाचे कनेक्शन, ताई भाऊंकडे जात. प्रत्येक काम होई असे नाही. पण नाही झाले तर का नाही झाले, ते भाऊ घरी येऊन सांगत. माझ्या दृष्टीने या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही आहे. ताईंचा पक्ष म्हणजे काम करून देणारी यंत्रणा नव्हती. घरी येऊन नकार देण्याचे धाडस असलेला माणूस आणि त्याच्या पाठीशी उभी असलेली संघटना, असा तो होता. भाऊ २०११ मध्ये गेले.

दोन रुपये

मी ताईंना पहिल्यांदा पाहिले १३ ऑक्टोबर २००९ ला, विधानसभेच्या मतदानात. मी तेव्हा सातपूरच्या एका शाळेत शिकवत होतो आणि ड्यूटी लागली होती जेलरोडच्या केंद्रावर. मतदान अधिकारी क्रमांक एक. म्हणजे चिन्हांकित यादी माझ्यासमोर, मी क्रमांक आणि नाव मोठ्याने वाचायचे आणि बाकावर बसलेल्या प्रतिनिधींनी आपापल्या यादीत खूण करायची. ताई भिंतीकडच्या टोकाला होत्या. काळी शिसपेन्सिल, यादी पुठ्ठ्यावर चिमट्याने लावलेली. मी नाव वाचायच्या आधीच त्यांची पेन्सिल त्या ओळीवर गेलेली असे, कारण दारातून आत येणारा माणूस कोण हे त्यांना माहीत असे.

दुपारी साडेतीनच्या सुमारास एक बाई आली. चिठ्ठीवर पंचाहत्तरीच्या मतदाराचे नाव होते, बाई साठीचीही वाटत नव्हती. ताई उभ्या राहिल्या. “साहेब, ह्या त्या नाहीत. त्या आजी श्रावणातच गेल्या. तेराव्याला मी गेले होते.” शेजारी बसलेला विरुद्ध पक्षाचा प्रतिनिधी, तिशीतला तरुण, लगेच म्हणाला, “मी ओळखतो यांना, ह्याच त्या.”

अशा वेळी नियम स्पष्ट आहे. मतदाराच्या ओळखीवर आक्षेप घ्यायचा तर प्रतिनिधीने दोन रुपये अनामत भरायचे. मग केंद्राध्यक्ष चौकशी करतात. आक्षेप खरा ठरला तर पैसे परत. उगाच घेतलेला ठरला तर पैसे जप्त. रक्कम किती क्षुल्लक आहे पाहा, पण दिवसभर शेजारी बसलेल्या माणसाच्या तोंडावर ‘तू खोटं बोलतोस’ असे लेखी म्हणायला फार थोडे लोक तयार होतात. ताईंनी पदराच्या टोकाची गाठ सोडली आणि दोनाचे नाणे टेबलावर ठेवले. केंद्राध्यक्षांनी त्या बाईला सासऱ्याचे नाव विचारले, मग घरात मुले किती ते विचारले. ती गडबडली आणि रडायला लागली. तिला पोलिसाच्या स्वाधीन केले. ताईंना दोन रुपये परत मिळाले. पण त्या खूश नव्हत्या. “तिला काय धरता? तिला ज्यानं पाठवलं त्याला धरा,” एवढेच म्हणाल्या आणि शेजारच्या तरुणाकडे न बघता पुन्हा यादीवर वाकल्या.

फेब्रुवारी २०१७ च्या महापालिका निवडणुकीत तोच तरुण ताईंच्या प्रभागात ताईंच्या पक्षाचा उमेदवार होता.

हे कसे होते ते नाशिकमध्ये कुणाला समजावून सांगावे लागत नाही. उमेदवाराला पक्षाचे चिन्ह मिळते ते एबी फॉर्ममुळे. त्यावर पक्षाच्या अधिकृत पदाधिकाऱ्याची सही असते आणि मुदतीच्या आत तो निवडणूक अधिकाऱ्याकडे पोचावा लागतो. म्हणून तो शेवटच्या रात्री, कधीकधी शेवटच्या तासाला हातात पडतो. आधी दिला तर नाराज लोक बंड करतील, ही भीती. ताईंच्या प्रभागात पंधरा वर्षे काम केलेल्या दोघांची नावे चर्चेत होती. फॉर्म मिळाला तिसऱ्यालाच. तो आठ दिवसांपूर्वी पक्षात आला होता.

कायद्याने यात काही चूक नाही. १९८५ ची पक्षांतरबंदीची घटनादुरुस्ती आणि महापालिका, जिल्हा परिषदांसाठीचा १९८६ चा महाराष्ट्राचा सदस्य अनर्हता कायदा, दोन्ही निवडून आलेल्या सदस्याने पक्ष सोडला तर लागू होतात. निवडणुकीच्या तोंडावर कोणी कुठून कुठे जावे, पक्षाने कोणाला घ्यावे, याला बंधन नाही. आणि ते नसावे असेच मलाही वाटते. माणसाला मत बदलता आले पाहिजे. माझी तक्रार वेगळी आहे. हा निर्णय झाला तेव्हा त्या प्रभागातल्या एकाही जुन्या मतदाराला कोणी येऊन दोन वाक्ये सांगितली नाहीत. भाऊ असते तर शिव्या खाल्ल्या असत्या, पण घरोघर गेले असते.

ताईंना त्याच माणसाचा प्रतिनिधी म्हणून बसायला सांगितले गेले आणि त्या बसल्या. हे सांगताना त्यांचा आवाज खाली गेला. “बसले मी. माणूस नाही, चिन्ह बघायचं असं आम्हाला शिकवलेलं. पण सर, त्या दिवशी कोणी बोगस आणला असता तर मी उठले असते का, हे मला आजही सांगता येत नाही.”

मला वाटते मोहभंगाची सुरुवात इथे आहे. पक्ष बदलला याचे वाईट वाटलेच, पण पक्षासाठी आपण बदलायला निघालो होतो हे जाणवले तेव्हा त्या खरोखर हादरल्या. ताईंनी हे दुसऱ्या कुणाला सांगितलेले नाही. इथे छापू का, असे मी दोनदा विचारले. दुसऱ्यांदा त्या म्हणाल्या, “छापा. मी एकटीच बसले नव्हते.”

गटार कोणाचे?

२०१७ मध्ये नाशिकला १२२ नगरसेवक निवडायचे होते आणि प्रभाग होते ३१. त्यांतले २९ चार सदस्यांचे, दोन तीन सदस्यांचे. त्याआधी २०१२ मध्ये दोन सदस्यांचे प्रभाग होते आणि २००७ मध्ये एका वॉर्डाला एकच नगरसेवक. ताईंसारख्या मतदाराच्या लेखी हा हिशेब साधा आहे. २००७ मध्ये गटार तुंबले तर कोणाच्या दारात उभे राहायचे हे माहीत होते. २०१७ नंतर ‘अ’, ‘ब’, ‘क’, ‘ड’ अशा चार जागांच्या नगरसेवकांची चार दारे झाली. चेंबर ‘ब’च्या घराजवळ, ठेकेदार ‘ड’च्या ओळखीचा, निधी ‘अ’ने आणलेला, आणि ‘क’ फोन उचलत नाही. चौघे एकाच पक्षाचे असले तरी फरक पडत नाही, कदाचित जास्तच पडतो.

मार्च २०२२ मध्ये त्या नगरसेवकांची मुदत संपली आणि महापालिकेवर प्रशासक आला. आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद न्यायालयात अडकले, निवडणूक झाली थेट १५ जानेवारी २०२६ ला. जवळजवळ चार वर्षे या शहरात एकही नगरसेवक नव्हता. याचे खापर एका पक्षावर फोडता येणार नाही. पण ज्या पक्षाचे अस्तित्व मतदाराला फक्त नगरसेवकाच्या रूपात दिसत होते, तो पक्ष त्या चार वर्षांत दिसायचाच बंद झाला. कोपऱ्यावरच्या कार्यालयाचे शटर खाली आले. पुढे तिथे मोबाइल कव्हरचे दुकान लागले. पक्ष उरला तो व्हॉट्सअ‍ॅपवर.

त्या ग्रुपची गोष्ट ताईंच्या नातवाने सांगितली. तो तेव्हा दहावीत होता. २०२३ च्या पावसाळ्यात गल्लीतले चेंबर तुंबून मैला ओट्यापर्यंत आला. विभागीय कार्यालयात तक्रार झाली, क्रमांक मिळाला, काम झाले नाही. ताईंना आठवले, आपण प्रभागाच्या ग्रुपमध्ये आहोत, रोज सकाळी नेत्यांचे फोटो येतात, वाढदिवसाच्या शुभेच्छा येतात. नातवाला म्हणाल्या, “ह्याच्यावर लिही. आमचं नाव घालून लिही, जुन्या लोकांना कळेल.” नातवाने ग्रुप उघडला आणि खाली बोट दाखवले. तिथे लिहायची चौकट नव्हती. एक ओळ होती, फक्त अ‍ॅडमिनच मेसेज पाठवू शकतात.

“आजी, ह्यात आपल्याला लिहिता येत नाही. नुसतं वाचायचं.”

ताईंना आधी पटेना. फोन बिघडला असेल म्हणाल्या. मग शेजारणीच्या फोनवर पाहिले.

ग्रुप बंद ठेवण्यामागचे कारण मी समजू शकतो. सातशे-आठशे लोकांचा ग्रुप मोकळा सोडला तर भांडणे होतात, नको ते व्हिडिओ फिरतात. पण मग तक्रार घ्यायला दुसरे दार ठेवायचे की नाही? तिथे एकाही माणसाचा नंबर नव्हता.

टिक

एप्रिल २०२४ पर्यंत ताई वाट पाहत होत्या. दर निवडणुकीआधी महिनाभर कोणीतरी येऊन मतदार यादी देई. ताई ती पुठ्ठ्यावर लावून घरोघर फिरत आणि कोण गेले, कोण लग्न होऊन आली, कोण पुण्याला राहायला गेले, त्याच्या खुणा करत. यावेळी कोणी आले नाही. २० मे २०२४ ला, लोकसभेच्या मतदानाला त्या केंद्रावर गेल्या तेव्हा बाकावर पक्षाचा प्रतिनिधी म्हणून अनोळखी मुलगा होता. ताईंनी मत नेहमीच्याच चिन्हाला दिले. “हात आपोआप गेला,” म्हणाल्या.

नोव्हेंबरमध्ये विधानसभा. मतदानाच्या दोन दिवस आधी रात्री साडेनऊला दारावर टकटक झाली. दोन मुले. एकाच्या हातात मोबाइल, दुसऱ्याच्या हातात पिशवी. पक्ष ताईंचाच. पिशवीतून एक पाकीट निघाले.

ताईंना कळायला वेळ लागला. प्रचाराचे पत्रक असेल म्हणून त्यांनी हात पुढे केला, हाताला नोटांचा जाडपणा लागला आणि त्यांनी पाकीट उंबऱ्यावर ठेवले. “मला? अरे, मी ह्या पक्षाची आहे. तुझ्या जन्माच्या आधीपासनं.”

मुलगा नम्र होता, असे ताई आवर्जून सांगतात. तो म्हणाला, “घ्या ना मावशी, सगळ्यांनाच देतोय. मला यादीत टिक करायचीय फक्त.”

ताईंनी पाकीट परत दिले. मुलाने ते पिशवीत टाकले, मोबाइलवर बोट फिरवले आणि तो पुढच्या दाराकडे गेला. ताईंनी त्याच्या खांद्यावरून पडदा पाहिला होता. त्यांच्या नावापुढे हिरवी खूण पडली होती.

लाच देणारा आणि घेणारा, दोघेही कायद्याने गुन्हेगार, हे ताईंना ठाऊक आहे. तक्रार का केली नाही, असे मी विचारले. त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “पोरगं होतं हो. रोजंदारीवर आलेलं.” पैशांपेक्षा ती खूण त्यांच्या मनाला लागली आहे. पंधरा-वीस वर्षे त्यांनी स्वतः पेन्सिलीने तशाच खुणा केल्या होत्या. त्यांची खूण म्हणजे ‘हा माणूस आला, मी त्याला ओळखते.’ या खुणेचा अर्थ ‘पैसे पोचले’ असा होता. पक्षाच्या वहीत ताई आता विकत घेतलेले मत आहेत आणि ते खोडायला जागा नाही.

‘मनातून उतरणे’ हा आपल्याकडचा शब्द मला इथे अगदी नेमका वाटतो. राग आला तर माणूस भांडतो, भांडला की समेटही होतो. मनातून उतरलेल्याशी कोणी भांडत नाही.

फरक बघायचा तर ताईंच्या भावाकडे बघावे. ते निफाडला कांदा करतात. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागले, डिसेंबरमध्ये निर्यातच बंद झाली आणि ती उठली ४ मे २०२४ ला, मतदान सोळा दिवसांवर आल्यावर. लासलगावात भाव कसे कोसळले ते त्यांनी ट्रॅक्टरवर बसून पाहिले. त्यांनी मत फिरवले आणि अभिमानाने सांगतात. कांदा पट्ट्यातल्या दिंडोरी मतदारसंघात त्यावेळी सत्ताधारी उमेदवार पडला. भावाच्या नाराजीला तारीख आहे, आकडा आहे, कारण आहे. शिवाय ती दिल्लीपर्यंत ऐकू गेली. १ एप्रिल २०२५ पासून शुल्कही गेले. ताईंच्या नाराजीला यातले काहीच नाही. ‘घरी येऊन कोणी सांगितलं नाही’ याचा भाव कुठल्या बाजार समितीत लागणार?

हक्काचा मतदार

पक्षांच्या कार्यालयात ‘हक्काची मते’ हा शब्द रोज वापरतात. बूथची बेरीज करताना आधी हक्काची मते धरायची, मग कुंपणावरची मोजायची. वेळ, पैसा, माणसे सगळे कुंपणावरच्यांवर. हे गणित चूक आहे असे मी म्हणणार नाही. निवडणूक जिंकायची तर असेच करावे लागते. पण या शब्दातला हक्क कोणाचा? ताई समजत होत्या, पक्षावर आपला हक्क आहे. पक्ष समजत होता, ताईंच्या मतावर आपला. वीस वर्षे दोघांचे जमले, कारण मध्ये भाऊ होते. ते गेल्यावर एकच अर्थ उरला.

ताईंच्या सुनेचे मत वेगळे आहे आणि ते सांगितले पाहिजे. ती म्हणते, आईंना पक्षाचे काही नाही, जुने दिवस गेल्याचे दुःख आहे. गल्लीतली माणसे पांगली, आईंना बूथवर मान होता तो गेला. यात तथ्य आहे. मान गेल्याचे दुःख ताई नाकारत नाहीत. पण मानाचा प्रश्न असता तर २०१७ मध्ये त्या सुखी असायला हव्या होत्या. तेव्हा त्यांना बाकावर बसवले होते. त्यांच्या मनाची तगमग नेमकी त्याच दिवशी सुरू झाली.

आणखी एक आक्षेप माझा स्वतःचा. ताईंनी २०१७ ला नकार द्यायला हवा होता. २०१२ मध्येही काही गोष्टी त्यांना खटकल्या होत्या, त्या बोलल्या नाहीत. ‘आपल्याच माणसांची उणीदुणी बाहेर काढू नयेत’ या संस्काराने त्या गप्प बसल्या आणि त्यांच्यासारखे हजारो जण गप्प बसले म्हणून पक्षाला त्यांना विचारायची गरज पडली नाही. हे मी त्यांच्या तोंडावर म्हणालो. त्यांनी चहाचा कप बाजूला सारला आणि म्हणाल्या, “खरंय. पण सांगायचं कोणाला होतं, ते नाव सांगा.” माझ्याकडे नाव नव्हते.

२० नोव्हेंबर २०२४ ला ताई संध्याकाळी पाचनंतर मतदानाला गेल्या. आयुष्यभर सकाळी सातला रांगेत पहिल्या असत. ‘नोटा’चे, म्हणजे ‘वरीलपैकी कोणीही नाही’चे बटण दाबले. मत कुठे गेले ते दाखवणाऱ्या व्हीव्हीपॅट यंत्राच्या काचेमागे चिठ्ठी सात सेकंद दिसते. ताई म्हणाल्या, ते सात सेकंद संपेनात. घरी येऊन जेवल्या नाहीत. घरातल्या कुणाबद्दल बाहेर जाऊन वाईट बोलून आल्यासारखे वाटत होते.

‘नोटा’ आले सर्वोच्च न्यायालयाच्या २७ सप्टेंबर २०१३ च्या निकालाने. नापसंती गुप्तपणे नोंदवता यावी, हा हेतू. लोकसभा-विधानसभेत त्याचा निकालावर परिणाम होत नाही. २०१९ मध्ये लातूर ग्रामीणला ‘नोटा’ला २७ हजारांवर मते पडून ते दुसऱ्या क्रमांकावर आले, तरी निवडून यायचा तो आलाच. ताईंच्या बाबतीत अडचण आणखी खोल आहे. ‘नोटा’ म्हणते, कोणीच नको. ताईंना म्हणायचे होते, तुम्हीच हवे होतात. हे म्हणायचे बटण नाही. आणि ते मत ज्या पक्षाने गमावले, त्याला आपले काही गेले हेही कळत नाही, कारण त्याच्या मोबाइलवर तर टिक आहे.

१५ जानेवारी २०२६ ला महापालिकेचे मतदान झाले. पुन्हा प्रभाग पद्धत, पुन्हा चार मते. चारही जागांसाठी बटण दाबल्याशिवाय यंत्र शेवटची शिट्टी देत नाही, त्यामुळे एक मत देऊन निघून येता येत नाही. नवऱ्याच्या निधनानंतर घर चालवणारी शेजारच्या गल्लीतली एक बाई अपक्ष उभी होती. चेंबरचा प्रश्न तिने दोनदा येऊन विचारला होता. ताईंनी एक मत तिला दिले. दुसरे जुन्याच पक्षाला, कारण त्या जागेवरची उमेदवार भाऊंच्या नात्यातली. उरलेली दोन ‘नोटा’ला. राज्य निवडणूक आयोगाच्या नोव्हेंबर २०१८ च्या आदेशानुसार महापालिकेत ‘नोटा’ला सर्वाधिक मते पडली तर त्या जागेची निवडणूक पुन्हा घेतात, हे मी त्यांना आधी सांगितले होते. त्यांनी लक्ष देऊन ऐकले होते. यावेळी घरी येऊन जेवल्या.

एकाच मतदानात चार वेगवेगळ्या हिशेबांनी चार बटणे दाबणारी ही बाई तीस वर्षे डोळे मिटून एकच चिन्ह दाबत होती. याला पक्षाने गमावलेला मतदार म्हणावे की ताईंना सापडलेले मत, हे मी अजून ठरवलेले नाही. ताईंना विचारले तर त्या म्हणतात, सोपं होतं ते बरं होतं.

फेब्रुवारीत शेवटचा गेलो तेव्हा विधानसभेचा नमुना २० छापून नेला होता. त्यात प्रत्येक केंद्रावर कोणाला किती मते पडली ते असते, ‘नोटा’सुद्धा. ताईंनी चष्मा लावला, बोटाने आपल्या केंद्राची ओळ शोधली आणि ‘नोटा’च्या रकान्यापर्यंत बोट नेले. आकडा दोन अंकी होता.

“ह्यातलं एक माझं,” त्या म्हणाल्या. थोडा वेळ आकड्याकडे बघत राहिल्या. “बाकीची कोण असतील हो सर?”

मी म्हणालो, ते कळायला मार्ग नाही, मतदान गुप्त असते.

“मला कळेल,” म्हणाल्या. उठून कपाटातून डबा काढला, डब्याखालचा पुठ्ठा काढला. चिमट्यात २०१९ ची यादी तशीच होती, खुणांसकट. शिसपेन्सिलीला टोक नव्हते, म्हणून नातवाची मागून घेतली. मग गल्लीच्या टोकाच्या घरापासून नावे वाचायला लागल्या. “हे प्रेसमधले आप्पा. ह्यांच्या दारात पण पाकीट घेऊन गेले होते का, ते विचारते उद्या.”